पंपावरचा पिवळा ठिपका

कडुनिंब फुलला की या शहरातल्या लोकांना त्याचा गोडसर, जरा उग्र वास येतो. मला पेट्रोलचा येतो. मार्च सरत आला की मी सकाळी गॅलरीत उभा राहतो, समोरच्या झाडाखाली पांढरा सडा पडलेला असतो आणि माझ्या नाकात पेट्रोल भरतं. मग मी खाली जातो, पार्किंगमधल्या गाडीवरची ताडपत्री उचलतो, वाकून टाकीखाली हात फिरवतो आणि बोटं हुंगतो. बोटं कोरडी असतात. दरवर्षी कोरडीच असतात. तरी दुसऱ्या दिवशी मी परत जातो. माझी बायको सुनंदा वरून ओरडते, "अहो, गळत नाय काही! या वरती, चहा गार झाला." तिला वरून कसं कळतं गळत नाही ते? तिनं बघितलंय का?

असा मी. वाळूजच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट शोधायची, सापडली तर माल परत, नाही सापडली तर उद्या सापडेल म्हणून डोळे उघडे ठेवायचे. नोकरीतून निवृत्त झालो, सवय काही निवृत्त झाली नाही. टरबूजवाल्याला मी विचारतो, "लाल दिसावं म्हणून टोचलंय का रे?" तो म्हणतो, "काका, तुम्ही दरसाल हेच विचारता आन् दरसाल घेऊन जाता." उन्हाची लाट येणार असं टीव्हीवर सांगतात, तेव्हा मी गॅलरीतल्या माझ्या थर्मामीटरवर बघून घेतो. मी नोकरीत होतो तेव्हा या शहराचं नाव औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. ऊन तेच आहे, एवढं मी स्वतः तपासून सांगतो.

उन्हाळा आला की सुनंदा माठ काढते आणि मी तो एक उन्हाळा काढून बसतो. ताडपत्रीखालची आमची ती बारकी लाल गाडी बांधून पुरी झाली तो उन्हाळा. कूलरमधला वाळा भिजला की त्याच्या वासात मला रफिकभाईंची पत्र्याची शेड दिसते. दुपारी रसवंतीचे घुंगरू वाजले तरी तीच दिसते. आयुष्यात ज्याचं काम तपासावंसं वाटलं नाही असा माणूस मला एकच भेटला. त्या उन्हाळ्यात मी त्याला गमावलं की नाही, हे मला अजून नक्की कळलेलं नाही. म्हणून लिहायला बसलोय.

रफिकभाईंचं गॅरेज पडेगावला, दौलताबादच्या रस्त्यावर. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पुढं एक कडुनिंब, झाडाला टांगलेला टायर. माझी स्कूटर आठ वर्षं त्यांच्याकडं होती. माणूस माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा, उंच, बोलायला कमी. गाडी समोर आली की आधी ऐकायचे. डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "हौ, समजलं." काय समजलं ते सांगायचे नाहीत, करून दाखवायचे. इतरांच्या कामावर मी शंभर प्रश्न विचारतो. त्यांना आठ वर्षांत एकही विचारला नव्हता. ते मला सुधाकरभाई म्हणायचे आणि मला ते आवडायचं. कारखान्यात मला सगळे साहेब म्हणत आणि पाठ फिरली की दुसरंच काहीतरी म्हणत, हेही मला ठाऊक होतं.

पुण्याच्या एका प्रदर्शनात आम्ही दोघांनी ती गाडी बघितली आणि दोन पोक्त माणसं पोरांसारखी खुळावलो. फायबरची बॉडी, पाइपांची चौकट, दोनच सीटा. गाडी तयार मिळत नव्हती, किट मिळत होतं. किट म्हणजे काय, तर अर्धी गाडी लाकडी खोक्यात आणि उरलेली अर्धी आपल्या डोक्यात. इंजिन आपलं आपण आणायचं, जोडायचं आपण, चुकायचंही आपणच. आम्ही भागीत किट घेतलं. भंगारात निघालेल्या एका जुन्या गाडीचं इंजिन रफिकभाईंनी शोधून आणलं. ते उघडलं तेव्हा मी हातात भिंग घेऊन उभा होतो. "सुधाकरभाई," ते म्हणाले, "इंजिन हाय हे, हिरा नाय."

कामं आम्ही वाटून घेतली होती. इंजिन, गिअर, ब्रेक त्यांच्याकडं. टाकी, वायरिंग आणि मीटरची पाटी माझ्याकडं. पेट्रोलची कोरी टाकी मी घरी गच्चीवर आणली. काट्याच्या मीटरसाठी तिच्या वरच्या पत्र्यात गोल भोक पाडलं, कानशीनं कडा घासून गुळगुळीत केल्या, बाहेरून फडक्यानं लख्ख पुसली. मग कारखान्यात लावतो तशी हिरवी चिठ्ठी लावली, 'ओके', खाली सही. सुनंदा पापड वाळत घालत होती. ती म्हणाली, "काम पण तुम्हीच केलं आन् पास पण तुम्हीच केलं. लई भारी!" मी हसलो. मला वाटलं, कौतुक करतीय.

मार्चात गाडी उभी राहिली, सकाळच्या गारव्यात झकास पळाली. एप्रिल लागला आणि तिनं रंग दाखवला. दुपारी चार किलोमीटर गेलं की ठसका लागायचा, मग उचक्या, मग बंद. त्या जुन्या इंजिनाचा, टाकीतलं पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच चिकटलेला होता. आपल्याकडच्या उन्हात इंजिन तापतं, पंप तापतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफेवर गाडी चालत नाही. हे शास्त्र मला माहीत होतं. तरी माझा पहिला संशय पेट्रोलपंपावरच्या भेसळीवर गेला, दुसरा नळीच्या रबरावर आणि तिसरा खुद्द त्या इंजिनावर.

दौलताबादच्या घाटात तर आमची पार शोभा झाली. एप्रिलची भर दुपार, किल्ला मागं, वर खुलताबादकडं जाणारा चढ, डांबर मऊ पडलेलं. मधल्या वळणावर गाडीनं मान टाकली. रफिकभाई उतरले, बोनेट उघडलं, खांद्यावरचं फडकं बाटलीतल्या पाण्यात भिजवून पंपाभोवती गुंडाळलं. पाण्याची वाफ झाली. आम्ही दोघं एका बाभळीच्या विरळ सावलीत बसलो. रस्त्यावर अंजिरं विकणारी एक बाई टोपली घेऊन आली आणि गाडीकडं बघत म्हणाली, "तापलंय व्हय पोरगं? पट्टी ठेवलीया म्हणून इचारते." रफिकभाई इतकं हसले की त्यांना खोकला आला. मीही हसलो. आम्ही अंजिरं खाल्ली, फडकं परत भिजवलं, गाडी परत चालू झाली. त्या दुपारी मला कशाचाच संशय नव्हता. आता आठवतं तेव्हा तीच दुपार मला सगळ्यात खोटी वाटते, इतकी ती चांगली होती.

"ओल्या फडक्यावर किती दिवस काढायचे?" रफिकभाई म्हणाले. "इलेक्ट्रिक पंप लावू. टाकीजवळ, खाली. इंजिनापासून लांब. तो पेट्रोल ओढत नाय, ढकलतो. ढकललेल्या पेट्रोलची वाफ होत नाय लवकर." मी पुण्याला गेलो आणि पंप घेऊन आलो. एसटीत सहा तास तो मांडीवर ठेवला, शेजारच्यानं दोनदा "खाली ठेवा की" म्हटलं तरी ठेवला नाही. मुठीत मावेल एवढा पंप, वर बाण कोरलेला, पेट्रोल कुठून आत जाणार आणि कुठून बाहेर येणार ते दाखवणारा. घरी आल्यावर मी त्याला डायनिंग टेबलावर उलटसुलट करून तासभर बघितलं.

पंप बसवायला एक आख्खी सकाळ गेली. उन्हाच्या आधी काम उरकायचं म्हणून आम्ही सातलाच सुरू केलं. रफिकभाईंच्या घरून खिचडी आणि चिंचेचा खट्टा आला होता, आमच्या घरून ठेचा. गाडी विटांवर चढवली. टाकीच्या बुडापेक्षा खालच्या पातळीवर, चौकटीच्या पाइपाला पट्टी मारून, मध्ये रबर घालून पंप बसवला. रबर नसेल तर त्याची टकटक सगळ्या गाडीत घुमते. इंजिनावरच्या जुन्या पंपाची जागा पॅकिंग घालून पत्र्यानं बंद केली. वायर मी ओढली. फ्यूज घातला, रिले घातला, इंजिन बंद पडलं तर पंपही आपोआप बंद व्हावा अशी एक सोय केली. अपघात झाला आणि पंप पेट्रोल ढकलतच राहिला तर? रफिकभाई म्हणाले, "तुमच्या डोक्यात अपघात आधी, गाडी नंतर." पण त्यांनी ती सोय मन लावून बसवू दिली. अर्थिंगसाठी चौकटीचा रंग खरवडला. नळ्या लावल्या, क्लिपा आवळल्या.

मग चावी फिरवली. टकटकटकटक. रिकाम्या नळीतून पेट्रोल पुढं सरकताना असा पंप घाईघाईनं वाजतो. कार्बोरेटर भरला की तो सावकाश होतो, एखाददुसरी टक करतो आणि गप्प बसतो. आमचा सावकाश झाला, पण पुरता गप्प बसेना. थांबायचा, परत दोन-चार टक. रफिकभाईंनी डोळे मिटून ऐकलं. "हं," म्हणाले. त्या दिवशी 'समजलं' म्हणाले नाहीत. मी म्हटलं, "नवा आहे, जोमात आहे." मी डायरीत लिहूनही ठेवलं, आवाज कसा, किती वेळ. गाडी सेलला लागली, चालली. पुढचा आठवडा माझी दिवसपाळी होती, म्हणून गाडी शेडमध्येच राहिली.

आणि इथंच मी ते केलं. रफिकभाई हात धुवायला गेले तेवढ्यात मी खिशातून पिवळं मार्कर काढलं. कारखान्यात नट आवळून तपासला की आम्ही त्यावर पिवळा ठिपका देतो. ठिपका दिला म्हणजे माणसानं शब्द दिला. मी गाडीखाली सरपटलो आणि पंपाच्या पोटाशी, सहज दिसणार नाही अशा जागी, एक ठिपका दिला. का दिला? नवा माल काढून जुना बसवणारे लोक असतात, असं मी ऐकून होतो. शेडमध्ये दहा जण येतात-जातात, असंही मी स्वतःला सांगितलं. रफिकभाईंचं नाव मी मनातसुद्धा घेतलं नाही. हात पुसत बाहेर आलो, त्यांच्याबरोबर बसून खिचडी खाल्ली आणि अजून थोडी मागून घेतली.

माझे वडील पाचोडचे. अठ्ठेचाळीसच्या पोलीस अॅक्शनच्या आधीचे, निजामाच्या राज्यातले दिवस त्यांनी बघितले होते. त्यांच्या बोलण्यात काळ दोनच, पोलीस अॅक्शनच्या आधीचा आणि नंतरचा. रझाकारांच्या भीतीनं घरच्यांनी धान्याच्या पेवात भांडीकुंडी पुरली होती, एवढंच त्यांनी एकदा सांगितलं. पुढं चाळीस वर्षं ते दाराची कडी तीनदा बघून झोपायचे. रफिकभाईंच्या वडिलांनी पोलीस अॅक्शननंतरचे काही आठवडे कुणा पाटलाच्या मळ्यात लपून काढले होते. हे मला रफिकभाईंनी नाही, दुसऱ्याच कुणी सांगितलं. दोन्ही घरांत त्या वर्षाबद्दल बोलायचं नाही असा रिवाज होता आणि आम्ही दोघंही तो पाळत होतो. आम्ही तर त्यानंतर जन्मलेलो. आम्ही अंजिरं खाणारी माणसं. पण कडी तीनदा बघायची खोड मला वडिलांकडून आलीय का, असा विचार मी कधीतरी करतो आणि लगेच वाटतं, वडिलांवर ढकलून मोकळा व्हायला बघतोय मी. मेलेला माणूस काही उलट बोलत नाही.

आठवड्यानं शेडमध्ये गेलो. रफिकभाई चेहऱ्यानंच खूष दिसले. "ऐका," म्हणाले आणि चावी फिरवली. टकटकटक, टक, टक. आणि गप्प. एकदम गप्प. आवाज सुधारला होता आणि मला नेमका त्या सुधारणेचाच संशय आला. नवा पंप जोरात वाजतो. हा दमल्यासारखा वाजतोय. हा कुणाच्या तरी गाडीत झिजून आलेला आहे. मी म्हटलं, "जरा खालून बघतो." ते म्हणाले, "बघा की."

पंपाच्या पोटाशी ठिपका नव्हता. मी बोट फिरवलं. नव्हता. पाठीवर झोपून मी तिथंच थोडा वेळ पडून राहिलो. आठ वर्षं. आठ वर्षं मी काही तपासलं नाही आणि हा माणूस मला काय समजत आला असेल? राग नव्हता हो तो, दुःखच होतं. पण बाहेर आलो तोवर त्याचा राग झाला होता.

"रफिकभाई, हा पंप तो नाही."

"कोनता तो?"

"मी आणलेला. मी त्याच्यावर खूण केली होती. ती नाहीये."

ते माझ्याकडं बघत राहिले. झाडाला टांगलेला टायर वाऱ्यानं हलत होता, त्याची दोरी करकरत होती. "खूण केली होती तुम्ही?" त्यांनी विचारलं. पंप बदलल्याच्या आरोपाला त्यांनी हातच लावला नाही. "कवा केली?"

"बसवला त्याच दिवशी."

"मी हात धुवायला गेलो तवा."

मी पाठीची माती झटकली. त्यांनी विचारलं, "कशानं केली?" मी मार्कर काढून दाखवलं. त्यांनी ते घेतलं, बाकावरच्या एका पान्यावर ठिपका दिला, फुंकर मारून वाळवला, आणि पेट्रोलात बुडवलेलं फडकं त्याच्यावरून एकदा फिरवलं. पाना स्वच्छ. फडक्यावर पिवळा डाग. "जातं हे, साहेब," ते म्हणाले. "पेट्रोलनं जातं."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला हे माहीत नव्हतं. कारखान्यात आमच्याकडं कोरे, सुके भाग यायचे. आमच्या ठिपक्यांना पेट्रोल कधी लागलंच नव्हतं. आणि तरी मी, काय बोलावं मला, तरी मी विचारलं, "मग पंप पेट्रोलनं धुतला कशाला?"

"आत जाळीत कचरा होता. उघडून साफ केला."

"नव्या टाकीत कचरा कुठून येईल?"

त्यांनी पाना जागेवर ठेवला. "येतो," म्हणाले. "कचरा कुठूनपण येतो." मग गाडीकडं गेले, बोनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "अजून कुठं कुठं खुणा केल्या असतील तर सांगून ठेवा. मी जपून हात लावीन."

त्यांनी उरलेलं सगळं काम पुरं केलं. एकही नट ढिला ठेवला नाही, हे मी नंतर तपासलं. हो, तपासलं. गाडी तयार झाल्यावर त्यांनी चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घेऊन जा, साहेब. तुमच्याकडंच राहू द्या." मी म्हटलं, "अहो, दोघांची आहे ना." ते म्हणाले, "माझ्याकडं शेडला कुलूप नाय. नवी गाडी, उगं तुमच्या जिवाला घोर." टोमणा होता की काळजी, मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मे महिन्यात एका दुपारी मी एकटा तोच घाट चढलो. ऊन असं की स्टिअरिंग फडक्यानं धरावं लागत होतं. गाडीनं एकदाही ठसका दिला नाही. त्या मधल्या वळणावर मी मुद्दाम हळू केली, बंद पडते का बघायला. पडली नाही. खरं म्हणजे पडावी असंच वाटत होतं. फडकं भिजवायचं निमित्त हवं होतं मला. मागं पंप आपलं काम करत होता, शेजारची सीट रिकामी होती, आणि खुलताबाद येईपर्यंत मला एकदाही आनंद झाला नाही.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मी स्वतःच पंपाची जाळी उघडली. पेपरवर झटकली. बारीक, चमकणारा पत्र्याचा कीस पडला. मी तो ओळखला. कानशीचा होता, माझ्या कानशीचा. टाकीच्या भोकाच्या कडा घासताना तो आत पडला होता आणि मी टाकी बाहेरून पुसून, आतून एकदाही न झटकता, सही करून पास केली होती. जगाचा माल तपासणाऱ्या माणसाचं काम तपासायला कुणी नव्हतं. रफिकभाईंनी तो कीस पहिल्याच आठवड्यात बघितला असणार. त्यांच्यासारख्या माणसाला तो कुठून आला हे कळलं नसेल, हे शक्यच नाही. मी त्यांना तोंडावर चोर म्हणत होतो, तेव्हाही त्यांनी 'कचरा कुठूनपण येतो' एवढंच म्हटलं. मी त्या पेपरासमोर बसून रडलो. लाज वाटते लिहायला, पण रडलो.

सुनंदाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग विचारलं, "एक सांगा. रफिकभाईंच्या जागी तुमचे ते कारखान्यातले कुलकर्णी असते तर ठिपका दिला असता का?"

"दिला असता," मी म्हणालो. "मी कुणालाही दिला असता."

"बरं," ती म्हणाली आणि उठून आत गेली. मी लगेच उत्तर दिलं होतं. जरा जास्तच लगेच. कारखान्यात कुणी इतक्या झटकन उत्तर दिलं असतं तर मी त्याचा माल बाजूला काढून ठेवला असता.

तुम्हाला वाटेल, संबंध तुटले असतील. छे! ईदला शीरखुर्मा येत राहिला, दिवाळीला फराळ जात राहिला. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी पहिल्या पंगतीला होतो. माझ्या आजारपणात ते मोसंबी घेऊन आले, खुर्चीच्या काठावर बसले, "तब्येत सांभाळा, साहेब" म्हणाले आणि गेले. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. इथं मिटवायला काही नव्हतंच. दरवर्षी कडुनिंब फुलला की मी ठरवायचो, या वर्षी जाऊन बोलायचं. आणि दरवर्षी माझ्या मनात यायचं, आता गेलो तर त्यांना वाटेल, याचं काहीतरी काम असणार. म्हणजे त्यांच्या मनातला संशयसुद्धा मीच त्यांच्या वतीनं घेऊन ठेवत होतो.

यंदा गेलो. तीस वर्षं होत आली या गोष्टीला. शेड आता त्यांचा जावई बघतो, रफिकभाई पुढं खुर्ची टाकून बसतात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, त्यावर अजून पट्टी आहे. मी समोर बसलो आणि सगळं एका दमात सांगितलं, कीस, टाकी, ठिपका, कानशी. म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही बोलला नाहीत. आणि मी काय काय बोललो. मला माफ करा."

त्यांनी खुर्ची जरा सावलीत सरकवली. मग म्हणाले, "टाकीवर तुमच्या सहीची चिठ्ठी होती ना. तुमच्या सहीच्या खाली तुमची चूक कशी दाखवायची? म्हटलं, साफ करून टाकू, कुणाला कळायचं नाय." मग हात हलवून म्हणाले, "माफ तर कवाच केलं. मनात काही नाय."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. ओठांच्या कडा, पापण्या, मांडीवरचा हात. हे मी मुद्दाम करत नव्हतो, देवाशपथ. नजर आपोआप फिरत होती, बघत होती, कुठं काही ढिलं राहिलंय का. त्यांच्या लक्षात आलं. एका डोळ्यानं का होईना, त्यांच्या सगळं लक्षात येतं.

"खरं बोलतोय का ते बघताय?" ते म्हणाले. हसत म्हणाले, पण ते हसू फार टिकलं नाही. "आता हे मी तुम्हाला कुठून पास करून आणून देऊ, साहेब?"

आतून चहा आला, आम्ही प्यालो, उन्हाबद्दल बोललो. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. घट्ट धरला होता. घरापर्यंत मी त्याच घट्टपणाचा विचार करत आलो.

सुनंदा दारातच उभी होती. "काय म्हणाले?"

"माफ केलं म्हणाले."

"मग झालं की! किती वर्षं जीव खाल्लात स्वतःचा."

"म्हणाले तरी तसं," मी म्हटलं, आणि ते शब्द तोंडातून गेल्याबरोबर मला माझीच इतकी चीड आली की मी चपला न काढता तसाच दारात उभा राहिलो.